स्थलांतरयोग्य अडथळा

आमच्या बागेच्या प्रस्तावित आराखड्यात माझी नोंद 'अडथळे' या सदराखाली झालेली आहे. आराखड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत यादी आहे : मोठी झाडे तीन, दिव्याचा खांब एक, बाक एक, आणि त्याखाली 'बाकावरील गृहस्थ, स्थलांतरयोग्य'. खांबापुढे असा शेरा नाही. खांबाची पत राखली गेली आहे.

वाद तसा सरळ आहे. बागेतल्या हिरवळीवर पिकलबॉलचे, म्हणजे बॅट आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने जाळीवरून खेळायच्या खेळाचे, कोर्ट व्हावे आणि रात्रीच्या खेळासाठी प्रखर दिवे लागावेत, असे एका गटाचे म्हणणे आहे. गवताच्या काडीलाही कोणी हात लावू नये, असे दुसऱ्याचे. दोन्ही गट जनतेच्या वतीने बोलतात. जनता त्या वेळी बहुधा बाकावर बसलेली असते.

परवा पहिल्या गटाचे एक सद्गृहस्थ मोजमापाची टेप आणि पिशवीभर फक्की घेऊन अवतरले. जाहीर सभेत ठराव मांडावा इतक्या गंभीरपणे ते मला म्हणाले, "आजोबा, जरा पाय वर घ्या." ते माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठे असावेत, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

"पाय वर घेऊन काय होणार?" मी विचारले.

"हद्दीची रेघ तुमच्या चपलेखालून जाते."

मी पाय वर घेतले. का घेतले, याचा राग मला अजून येतो. त्यांनी रेघ मारली, दोन पावले मागे सरून ती डोळे बारीक करून न्याहाळली आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की रेघ वाकडी येण्याला जणू मीच जबाबदार होतो.

"कोर्ट अगदीच लहान असते हो," ते समजूत घालू लागले. "44 फूट बाय 20 फूट. बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच."

"मग फक्की इथपर्यंत कशी आली?"

"खेळाडूला मागे सरकायला जागा नको का? ती धरून 60 बाय 30."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. 880 चौरस फुटांचे बोट धरून 1800 चौरस फूट बागेत शिरत होते, आणि या दोन आकड्यांपैकी सभेत सांगितला गेला होता तो फक्त पहिला. हे मी बोलून दाखवल्यावर ते मनापासून चकित झाले.

"पण जागा रिकामीच तर आहे!"

"तिथे मी बसलो आहे."

"तेच म्हणतो मी. रिकामी आहे."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि ते त्यांनी संमती म्हणून वहीत टिपून घेतले. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखला दिला. तिथेसुद्धा टेनिसची कोर्टे आहेत म्हणे. आहेत, यात शंका नाही. पण ते उद्यान 843 एकरांचे आहे, असे मी म्हणताच "तत्त्व तेच" असे उत्तर आले आणि टेपचे टोक माझ्या हाती देण्यात आले. ते धरून मी बराच वेळ उभा होतो.

हा खेळ 1965 साली अमेरिकेतल्या एका बेटावर, सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी शोधण्यात आला, असे मी वाचले आहे. आमच्याकडे मात्र चेंडू घेऊन आलेल्या मुलांना दोन्ही गटांनी मिळून फाटकाबाहेर घालवले, कारण मोजणी चालू होती. खेळाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या निश्चिंतपणाला. झाडांचे काय, असे विचारले तर "खोडाभोवती गोल सोडू" असे सांगतात. झाडाची मुळे खोडाला बिलगून बसलेली नसतात. त्यांतली बहुतेक वरच्या दोनेक फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांच्यावर काँक्रीट ओतायचे आणि खोडाला हात लावला नाही म्हणून पाठ थोपटून घ्यायची, हा हिशेब झाड चार-पाच वर्षांनी वाळून चुकता करते. तोवर समिती बदललेली असते.

बाग वाचवणाऱ्यांकडून तरी न्याय मिळेल म्हणावे, तर तिकडच्या एक बाई फोनवर डेसिबल मोजत फिरत होत्या. कडक बॅट आणि प्लॅस्टिकचा चेंडू यांचा टक्-टक् आवाज जिवाला खातो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र चेंडू हाताशी नसल्याने त्यांनी मला टाळ्या वाजवायला लावले आणि बरोबरच्या मंडळींना "शांतता राखा!" असे इतक्या मोठ्याने बजावले, की नोंद त्यांच्याच आवाजाची झाली. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे आवाजाची भीती असेल तर कोर्ट घरांपासून लांब न्यावे, एवढे मी सुचवले. बाईंनी माझ्याकडे फितुराकडे पाहावे तसे पाहिले.

अखेर सभा झाली. कोर्टावर एकमत नाही, दिव्यांवर नाही, झाडांवर तर नाहीच. एकच ठराव एकमताने संमत झाला : बाक हलवावा. एका गटाला ती जागा मागे सरकण्यासाठी हवी आहे, दुसऱ्याला तिथे 'बाग वाचवा' असा फलक उभारायचा आहे. बसणाऱ्यांनी कुठे बसावे, असे मी विचारले तेव्हा सूचना लेखी द्या, असे सांगण्यात आले. मी ती दिली. दोन्ही गटांनी तिची प्रत आपापल्या पाठिंब्याच्या पत्रांत लावून घेतली असल्याचे समजते.