यादी गेली, आता अहवाल मागा

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य संशोधन-जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली आणि ठाण्यातल्या माझ्या ओळखीच्या प्राध्यापकांमध्ये दोन तट पडले. एकांचं म्हणणं, बरं झालं, कुठलं जर्नल चांगलं हे दिल्लीने का ठरवायचं? दुसऱ्यांचं म्हणणं, आता रान मोकळं. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारे पुन्हा दुकानं थाटणार. २०१९ पासूनच्या या यादीसाठी जर्नलं तपासणारा कक्ष पुण्याच्या विद्यापीठात होता, त्यामुळे तिच्यावरचा रागही जरा घरगुतीच. आता ही पारख विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपली आपण करायची आहे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून हा वाद ऐकताना मला वाटतं, दोन्ही बाजू एकच गोष्ट विचारताहेत: शोधनिबंध कुठे छापून आला? तो छापण्याआधी कोणी वाचला, आणि वाचून काय विचारलं, याची चौकशी कोणीच करत नाही.

मी खाड्या आणि नदीमुखांतल्या गाळावर काम करतो, शिवाय एका जर्नलचं थोडं संपादनही बघतो. समजा, ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या गाळात शिसं आणि जस्त किती आहे, असा ठाण्याच्या खाडीवरचा निबंध आला. विषय जर्नलच्या कक्षेतला आहे का, मांडणी धड आहे का, हे आधी संपादक बघतो; बरेच निबंध इथूनच परत जातात. उरलेले दोन-तीन परीक्षकांकडे जातात. परीक्षक जाणता असेल तर पहिल्यांदा आकड्यांकडे बघतच नाही. नमुने पावसाळ्यापूर्वी घेतले की नंतर? भरतीला की ओहोटीला? गाळाचे कण किती बारीक होते? चिखलाला धातू जास्त चिकटतात, वाळूला कमी; त्यामुळे एका ठिकाणचा चिखल आणि दुसऱ्या ठिकाणची वाळू शेजारी ठेवली, तर प्रदूषण नसतानाही दिसतं. लेखक उत्तर देतो, कधी पुन्हा प्रयोगशाळेत जातो, कधी निष्कर्षातला जोर कमी करतो. मग दुसरी फेरी. यात महिने जातात आणि अनेकदा शेवट नकारातच होतो. ज्या जर्नलकडून चार दिवसांत ‘स्वीकृत’ असा ईमेल आणि सोबत बँकेचा खातेक्रमांक येतो, तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न कोणी विचारला असेल, असं मला वाटत नाही.

तपासणीची ही हौस जुनी आहे, पद्धत मात्र वाटते तितकी जुनी नाही. मी राहतो त्याच गावातल्या लेवेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं, की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वळवळताहेत. तिथल्यांना ते पटेना. त्याने आठ जणांच्या साक्षी पाठवल्या, त्यात धर्मोपदेशकही होते. पण खरी मान्यता मिळाली १६७७ मध्ये, सोसायटीतल्याच रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने स्वतः भिंगातून ते जीव पाहिले तेव्हा. साक्षीदारांची प्रतिष्ठा पुरली नाही, कोणीतरी पुन्हा बघावं लागलं. आणि ‘नेचर’सारख्या जर्नलने प्रत्येक निबंध नियमाने बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये!

इकडे सगळं आलबेल आहे, असं मात्र समजू नका. परीक्षकाला पैसे मिळत नाहीत, प्रकाशकाला मिळतात, आणि त्यावरून इथे कायम धुसफूस असते. परीक्षक मिळता मिळत नाहीत. काही जण इतकं मोघम लिहितात, की निबंध उघडला होता की नाही अशी शंका यावी. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनाला आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, त्यांतल्या बहुतेकांचं परीक्षणच संशयास्पद होतं. हिंदावी तेव्हा मोठ्या वायली कंपनीचं होतं, आणि त्याची कितीतरी जर्नलं प्रतिष्ठित याद्यांत होती. म्हणून यादीसाठी रडणाऱ्यांबरोबर मला रडू येत नाही.

तरी एक फरक आहे. इथे निवड समितीपुढे ‘मी परीक्षण करतो’ हे सांगायची पद्धत आहे. आपल्याकडे प्रमोशनच्या फॉर्मवर छापलेले निबंध मोजतात; दुसऱ्याचा निबंध नीट वाचणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, ते शहाणपणाचं होतं. शिक्षकांच्या बाबतीत मोजणी तशीच राहिली.

माझी आतेबहीण ठाण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणते, “तुझं तिकडे ठीक आहे रे. इथे सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी पेपर तपासणी, त्यात नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली आणि निवडणुकीची ड्युटी. परीक्षण कधी करू, रात्री बारा वाजता?” ताईचं बरोबर आहे. म्हणूनच हे काम कामाच्या तासांत आणि गुणांत धरलं पाहिजे. समाजसेवा म्हणून मागू नये.

आणि महाविद्यालयांनी जर्नल पारखायचंच असेल, तर नवी यादी करत बसू नये. प्रमोशनच्या फायलीत प्रत्येक निबंधासोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकाने त्यांना दिलेली उत्तरं जोडायला सांगावीत. हे काही जगावेगळं नाही. ‘नेचर’ने २०२५ पासून नव्या शोधनिबंधांसोबत हा पत्रव्यवहार प्रसिद्ध करायचं ठरवलं, आणि काही जर्नलं त्याच्या कितीतरी आधीपासून तसं करताहेत.

ताईने लगेच विचारलं, अहवालही खोटे बनवता येतील की? येतील. परीक्षक म्हणून स्वतःचेच बनावट ईमेल पत्ते देणारे लेखक जगात सापडले आहेत. पण ‘छान निबंध, छापावा’ एवढ्या दोन ओळींचा अहवाल समितीतल्या त्या विषयाच्या माणसासमोर ठेवला, की त्याला अर्ध्या मिनिटात कळतं. भरती-ओहोटीवरचे सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं रचायची, तर आधी विषय यावा लागतो. अट एवढीच, की समितीत त्या विषयाचा माणूस असावा आणि त्याने फाइल उघडावी. ताई म्हणाली, “तो कुठून आणायचा ते प्राचार्यांना विचारून सांगते.”