लव्हिंग खटला आणि भिंतीवरचा दाखला

१२ जून आला की रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांचा फोटो फिरायला लागतो, खाली 'प्रेम जिंकलं'. तो गोरा, ती काळी; १९६७ मध्ये याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला ते वाचून दरवेळी वाईट वाटतं. त्या दोघांवर व्हर्जिनिया राज्याने खटला भरला तो लग्नामुळे, आणि लग्नाचीच भीती का होती हे कळल्याशिवाय अमेरिकेतला वंशभेद नीट कळत नाही.

गोऱ्या पुरुषाने काळ्या बाईला अंगाखाली घेण्याचं व्हर्जिनियाला कधीच वावडं नव्हतं. उलट १६६२ च्या कायद्याने त्याची सोयच करून ठेवली: मुलाचा दर्जा आईप्रमाणे. आई गुलाम, तर मूलही गुलाम. मालकाने बळजबरी केली तरी त्याच्या मिळकतीत एका माणसाची भर पडायची आणि त्या मुलाला बापाच्या जमिनीवर काडीचा हक्क नसायचा. लग्न झालं की मात्र बायको हक्काची आणि मूल वारस. म्हणून १६९१ मध्ये असं लग्न करणाऱ्या गोऱ्या माणसाला तीन महिन्यांच्या आत वसाहतीतून कायमचं हद्दपार करायचा कायदा आला.

१९२४ च्या वांशिक शुद्धतेच्या कायद्याने हेच काम नोंदणी कचेरीकडे दिलं. गोरा कोण? ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा अंशही नाही तो. सवलत एकच: मूलनिवासी रक्त १/१६ पर्यंत चालेल, कारण तिथली बडी घराणी स्वतःला पोकाहोंटास या मूलनिवासी सरदारकन्येचे वंशज म्हणवत. नोंदणी खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर मूलनिवासी कुटुंबांच्या जन्मनोंदींवर 'कलर्ड', म्हणजे काळे, असा शेरा मारत राहिला. कागदावरच्या एका शब्दाने लोकांची ओळख पुसली.

लव्हिंग दांपत्याने जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला लग्न केलं, कारण तिथे बंदी नव्हती. जुलैत मध्यरात्री शेरीफ थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत घुसला. लग्नाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, असं शेरीफने सांगितलं. खरं तर तो दाखलाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता: राज्याबाहेर जाऊन लग्न करायचं आणि परत येऊन नवरा-बायको म्हणून राहायचं, हा कलम २०-५८ प्रमाणे गुन्हा. शिक्षा १ ते ५ वर्षं. न्यायाधीशांनी एक वर्षाची कैद सुनावली आणि ती २५ वर्षं स्थगित ठेवली, अट अशी की राज्य सोडायचं आणि दोघांनी मिळून परत यायचं नाही. १६९१ ची हद्दपारीच ही.

कायदा इतका टिकला कारण बचाव चलाख होता. काळ्याला आणि गोऱ्याला शिक्षा सारखीच, मग भेदभाव कुठे? १८८३ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं होतं. १९६७ मध्ये लव्हिंग खटला त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा सरन्यायाधीश वॉरन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: व्हर्जिनियाची बंदी फक्त गोऱ्यांशी होणाऱ्या लग्नांना आहे, बाकीच्यांनी आपापसात कुणाशीही लग्न करावं. म्हणजे राखायचंय ते गोऱ्यांचं वर्चस्व. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने. तेव्हा १६ राज्यांत असे कायदे होते.

हॉलिवूडच्या आचारसंहितेत काळ्या-गोऱ्यांचे संबंध दाखवायला १९५६ पर्यंत बंदी होती. डिसेंबर १९६७ मध्ये 'गेस हूज कमिंग टू डिनर' आला, काळा मुलगा आणि गोरी मुलगी यांच्या लग्नाचा सिनेमा. त्यात त्या मुलाचा बाप त्याला म्हणतो की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही कायदा मोडत असाल. सिनेमा पडद्यावर येईपर्यंत ते वाक्य जुनं झालं होतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं मांडलं होतं. त्या वेळी अमेरिकेतल्या अर्ध्याहून जास्त राज्यांत वंशाबाहेर लग्न करायला बंदी होती.

अलाबामाने आपल्या राज्यघटनेतलं अशा लग्नांना बंदी करणारं कलम २००० मध्ये मतदान घेऊन काढलं. तरी सुमारे ४० टक्के मतं विरोधात पडली. आणि व्हर्जिनियात २०१९ पर्यंत लग्नाच्या परवान्यासाठी वंश लिहून द्यावा लागे. तीन जोडप्यांनी नकार दिला, कोर्टात गेली, तेव्हा ती सक्ती गेली.