बिली हॉलिडेवरची कविता 'स्ट्रेंज फ्रूट' नाही

ती पोस्ट फिरतीये ना, की 'स्ट्रेंज फ्रूट' ही अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे गेल्यावर तिच्या आठवणीत लिहिलेली कविता, ते साफ चुकीचंय. ती १९३७ ची, ब्रॉन्क्समधल्या एबल मीरोपोल या शिक्षकाची, अमेरिकेत काळ्या लोकांना मारून झाडाला लटकवायचे त्यावर, आणि १९३९ ला बिलीनेच ती न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी' नाइटक्लबात गायली की! बिलीवरची कविता अमेरिकन कवी फ्रँक ओहाराची, बिली जुलै १९५९ मध्ये गेली तेव्हाची. त्यात वर्णद्वेष, हॉस्पिटलच्या बेडवर तिला झालेली अटक वगैरे काहीच नाही, कवितेतला माणूस आपला बूट पॉलिश करून घेतो, हॅम्बर्गर खातो, सिगारेटी घेतो आणि पेपर घेतो तर त्यावर तिचा चेहरा. मला तरी हीच जास्त लागते. पोस्ट टाकणाऱ्यांनी निदान सालं तरी बघायची राव.