मिनिटकाट्याचा असहकार

आमच्या घरातले एच.एम.टी. ‘जनता’ हे किल्लीचे मनगटी घड्याळ सर्व्हिसिंगला जाण्यापूर्वी रोज दोन मिनिटे मागे पडत असे आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. सकाळी दात घासून झाले की किल्ली द्यायची, काटा दोन मिनिटे पुढे सरकवायचा आणि कामाला लागायचे, हा क्रम वडिलांनी नोकरीभर पाळला आणि घड्याळाबरोबर तोही वारसाहक्काने माझ्याकडे आला. किती मागे पडणार हे नक्की ठाऊक असलेले घड्याळ बरोबरच असते, असे माझे आजही मत आहे. परंतु घरी आलेल्या एका पाहुण्यांनी ते कानाला लावले, डोळे मिटले आणि नातेवाईकांना बाहेर बोलावून सांगतात त्या स्वरात, “आतले ऑइल वाळले आहे, असेच चालवलेत तर चाकांचे दांडे झिजतील,” असे सांगितले. दुर्दैवाने ते खरे होते.

आमच्या भागातल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिले आणि “शेवटचे कोणी उघडले होते हो हे?” असे विचारले. मागच्या कारागिराची निंदा केल्याशिवाय कोणताही कारागीर कामाला हात घालत नाही, त्यामुळे मी गप्प राहिलो. घड्याळ परत आले तेव्हा काच पॉलिश केलेली होती, नवा पट्टा होता आणि टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सात मिनिटे पुढे होते.

घड्याळजींनी यावर “चार दिवस घाला, सेट होईल,” असे उत्तर दिले. हे वाक्य चपला, चष्मे आणि जावई या तिन्ही बाबतींत मी ऐकलेले असल्यामुळे मी चार दिवस घातले. ते सेट झाले नाही. मग चौकशी सुरू झाली ती माझीच. मोबाइलला लोहचुंबकाचे कव्हर आहे का, रात्री घड्याळ स्पीकरवर ठेवता का, वगैरे. प्रश्न निरर्थक नव्हते. घड्याळातली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकाच्या प्रभावाखाली आली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळाची गती ठरवणारे बॅलन्स चाक घाईघाईने हेलकावे घेऊ लागते. त्यांनी घड्याळापाशी होकायंत्र नेले; सुई दचकल्यासारखी वळली. मग घड्याळ चुंबकत्व उतरवणाऱ्या एका लहानशा निळ्या डबीवर धरून, बटण दाबून, हळूहळू वर उचलले. एवढ्या अल्प विधीने सात मिनिटांची घाई एका मिनिटावर आली, हे पाहून मी थक्क झालो.

उरलेल्या एका मिनिटासाठी रेग्युलेटर नावाची इवलीशी कांडी असते. तिच्या दोन्ही बाजूंना अधिक आणि उणे अशी चिन्हे कोरलेली असतात आणि ती केसभर सरकवली की दिवसाचा हिशेब बदलतो. घड्याळजींचा हात केसभर सरकला असावा, पण केस जाड निघाला. घड्याळ मागे पडू लागले. “साहेब, हे तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्यातले थोडे इकडेतिकडे होणारच,” असे ते मला समजावू लागले. स्विस क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेल्या घड्याळाच्या, प्रमाणपत्रालासुद्धा दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सवलत असते, हे मला माहीत होते. माझी मागणी तर त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. तरीही १८,००० हा आकडा ऐकल्यावर मनुष्य वरमतोच.

शेवटी त्यांनी ते टाइमग्राफरवर चढवले. हे यंत्र घड्याळाचे ठोके मायक्रोफोनने ऐकते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा काढते. रेघ चढली तर घड्याळ पुढे, उतरली तर मागे. दोन रेघांमध्ये अंतर पडले तर टिक आणि टॉक यांचे आपसांत पटत नाही. आमच्या घड्याळाच्या रेघा, डायल वर ठेवा की किल्ली खाली, सरळ गेल्या. अधिक चार सेकंद. घड्याळजींनी पडदा माझ्याकडे फिरवला आणि काही न बोलता चहा मागवला.

त्याच रात्री घड्याळ वीस मिनिटे मागे होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३९ मिनिटे. या आकड्याला मुंबईत इतिहास आहे. १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने भारतीय वेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही. आमच्या घड्याळाला मात्र अशा बाणेदारपणाचा काही अधिकार नव्हता, एच.एम.टी.ने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला मनगटी घड्याळे काढायला सुरुवात केली तीच मुळी १९६१ साली.

खरा प्रकार उघड झाला तो आकाशवाणीच्या ठोक्यांमुळे. शेवटचा ठोका पडला तेव्हा सेकंदकाटा बरोबर बारावर होता. म्हणजे आतले यंत्र सेकंदाला सेकंद हजेरी देत होते, आणि मिनिटकाटा भलत्याच तासात, दोन रेघांच्या मधोमध, पाय पसरून बसला होता. तास-मिनिटांचे काटे मुख्य यंत्राला केवळ घर्षणाने जोडलेले असतात, म्हणजे किल्ली ओढून वेळ लावताना ते फिरतात आणि चाके दुखावत नाहीत. कॅनन पिनियन नावाच्या नळीची ही पकड साफसफाईनंतर, किंवा तिथे ऑइल जास्त झाल्याने, सैल पडली की यंत्र पळत राहते आणि काटे मनाला येईल तेव्हा त्याच्याबरोबर जातात. टाइमग्राफरला ते कळणार नाही, कारण तो फक्त ऐकतो. वेळ पाहण्याच्या यंत्राची तपासणी करताना काट्यांकडे बघायचे कोणालाच सुचले नव्हते!

घड्याळजींना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि मागच्या कारागिराला पुन्हा एकदा नावे ठेवली. मागचे कारागीर आता तेच होते, हे मी त्यांच्या नजरेस आणले नाही. नळी चिमटून आवळायला त्यांना पाचच मिनिटे लागली, आणि तेवढ्यासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत.

हल्ली ते दिवसाला वीस सेकंद पुढे जाते. त्यावर उपाय म्हणून रात्री ते किल्लीची बाजू वर करून उभे ठेवा, असे घड्याळजींनी सांगितले आहे, कारण त्या अवस्थेत ते थोडे रेंगाळते. ते तसे उभे राहावे म्हणून मी त्याला शब्दकोशाच्या दोन खंडांच्या मध्ये ठेवतो. पत्नीने हे पाहून, दोन मिनिटे मागे पडत होते तेव्हा ते निदान खिळ्याला टांगता येत होते, एवढेच म्हटले. पाहुण्यांचा काल फोन आला होता. आमच्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचा आवाज त्यांना मागच्या खेपेला थोडा संशयास्पद वाटला होता म्हणे. आम्ही सध्या गावाला जात आहोत, असे मी त्यांना कळवले आहे.