‘आजचा डबा उशिरा’ हा निरोप दोन दिवसांनी का आला?

नमस्कार दादा,

आमच्या डब्याच्या सेवेला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालची तक्रार दोनदा वाचली. मारबतीच्या दिवशी, म्हणजे इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, नागपुरात इतवारीतल्या दुकानात तुम्ही अडीचपर्यंत उपाशी बसलात, आमचा काहीच निरोप नाही. दोन दिवसांनी दुकानातला कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर ‘आजचा डबा दीड तास उशिरा येईल’. म्हणून तुम्ही बाहेर जेवून आलात, आणि त्या दिवशी डबा मात्र बरोबर सव्वाबाराला येऊन परत गेला. यात तुमची काहीच चूक नाही. दोन्ही दिवसांचे पैसे खात्यात वळते केले आहेत.

झालं काय ते सांगते. काळी-पिवळी मारबत निघाली की महाल-इतवारीत सायकलही सरकत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून सकाळीच सगळ्यांना नोटिफिकेशन सोडलं. पण ते आमच्याकडून थेट तुमच्याकडे येत नाही. आधी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि समोरचं यंत्र बंद असेल तर तिथेच थांबून राहतं. किती वेळ थांबायचं, तो आकडा सेकंदांत आपण द्यायचा असतो. आम्ही दिलाच नव्हता, आणि माझ्या भाच्याने साइटसाठी वापरलेल्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडने, आपणहून चार आठवडे धरले! डब्याच्या निरोपाला चार आठवडे! त्या सेटिंगलाही त्याच दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून टाकायला हवं होतं. आता आकडा 7200 आहे, म्हणजे दोन तास. त्यानंतर निरोप आपोआप रद्द होतो. शिवाय ‘आज’ न लिहिता तारीख लिहितो. आणि सण-मिरवणुकीच्या दिवशी यापुढे फोनही करू, कारण बंद कॉम्प्युटरपुढे कोणाचंच चालत नाही.

आयफोनवर एकही नोटिफिकेशन आलं नाही, हेही खरं. आयफोनमध्ये वेबसाइटची नोटिफिकेशन मार्च 2023 च्या आयओएस 16.4 पासून येतात, पण साइट होम स्क्रीनवर जोडली तरच. सफारीत शेअरचं बटण दाबून ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’ करायचं, मग त्या चिन्हावरून उघडून परवानगी द्यायची. हे आमच्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुम्हाला कसं कळणार होतं?

‘साइट उघडत नाही तर परवानगी मागते’ हा तुमचा राग मला सगळ्यात जास्त पटला. अजून भाजी काय आहे ते दिसलं नाही, त्याआधीच चौकट! माणूस ‘ब्लॉक’च दाबणार. आणि एकदा ब्लॉक झालं की आम्हाला पुन्हा विचारता येत नाही, ब्राउझर चौकट दाखवतच नाही. तुम्ही नंतर नोटिफिकेशन सुरू करायचं आमचं बटण पाच वेळा दाबलंत आणि काही झालं नाही, त्याचं कारण हेच. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर जाऊन नोटिफिकेशनची परवानगी तुम्हालाच बदलावी लागेल. नव्या ग्राहकांना आता पहिली ऑर्डर दिल्यावर आमचीच एक छोटी पट्टी विचारते, ‘डबा निघाला की कळवू का?’ ‘हो’ म्हटलं तरच ब्राउझरची चौकट येते. ‘नको’ म्हटलं तर ब्राउझरकडे कसलीच नोंद होत नाही, मन बदललं तर वाट मोकळी राहते.

आठवड्यात सहा वेळा पुरणपोळीची जाहिरात पाठवली, तो माझा लोभ. जाहिरातीचं बटण आता वेगळं आहे आणि मुळात बंद आहे.

एक आरोप मात्र मान्य नाही. ‘नोटिफिकेशनच्या नावाखाली नंबर घेऊन विकता’ असं तुम्ही लिहिलंत. दादा, परवानगी दिल्यावर आम्हाला तुमचा नंबर मिळत नाही. मिळतो तो त्या ब्राउझरपुरता एक लांबलचक पत्ता आणि निरोप कुलूपबंद करायच्या किल्ल्या. मधल्या कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही. तुमचा नंबर आमच्याकडे आहे, कारण महिन्याचा डबा लावताना तुम्हीच दिलात, आणि आमच्याशिवाय तो फक्त डबा पोचवणाऱ्या मुलाकडे आहे.

भाजी तिखट, हे राहिलंच. डाळभाजीतली मिरची कमी करणार नाही, बाकीचे ग्राहक मला सोडणार नाहीत. तुमच्या डब्यापुरती फोडणीआधी वेगळी काढून ठेवते.