वॅट वितभर, ओहम गायब

चार छोटे स्पीकर एका अ‍ॅम्पला जोडायचेत. जुन्या सेटचे, ठणठणीत वाजणारे. यात एवढा मनस्ताप का व्हावा?

खोक्यावर वॅटचा आकडा वितभर अक्षरांत. तोही पीएमपीओ, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाशी काडीचा संबंध नसलेला. आणि ज्या आकड्यावर सगळं अडतं, तो ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा? स्पीकरच्या पाठीवर मॉडेल नंबर आहे, बारकोड आहे, पाण्यापासून दूर ठेवा असं चित्र आहे. ओहम नाही! मग काढा मल्टीमीटर. तो दाखवतो सहाच्या आसपास. आता हा स्पीकर 6 ओहमचा समजायचा की 8 चा? कारण 8 ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सहाच्या घरातच भरते. मीटर डीसी रेझिस्टन्स, म्हणजे एकाच दिशेच्या विजेला होणारा अडथळा मोजतो आणि स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे आवाजाच्या बदलत्या विजेला होणारा अडथळा, तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत असतो. म्हणजे छापलेला आकडाही नावापुरताच, कबूल. अहो, पण नावापुरता तरी छापा की!

वर सल्लागारांचा सुळसुळाट. ‘पॅरलल टाक बिनधास्त, काही होत नाही.’ होतं ना! 8 ओहमचे दोन पॅरलल केले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला, की 4, चार केले की 2 ओहम. आणि ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. अ‍ॅम्पच्या मागे बारीक अक्षरांत किमान 6 लिहिलेलं असतं, ते वाचायला कुणाला वेळ नाही. हळू आवाजात सगळं गोड चालतं, म्हणून सल्लागार खूश. सिनेमात पहिला धमाका झाला, आवाज जरा वाढवला, की अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प. तेही प्रोटेक्शन असलं तर. नसलं तर आउटपुटचा चिप जातो आणि तेव्हा सल्लागार फोन उचलत नाहीत.

दुसरे महाभाग म्हणतात, मग चारही सिरीजमध्ये, एकामागून एक साखळीत टाक. झाले 32 ओहम. अ‍ॅम्प सुरक्षित, पण ऐकायचं काय? व्हॉल्यूम तेवढाच ठेवला तर एकट्या स्पीकरला जेवढी पॉवर मिळाली असती, तिचा सोळावा हिस्सा आता प्रत्येकाच्या वाट्याला येतो. आणि स्पीकर वेगवेगळ्या जातीचे असतील तर ते एकमेकांचा आवाजही बिघडवतात.

एकसारखे चार असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये घ्या, 16 आणि 16. मग त्या दोन जोड्या पॅरलल करा. पुन्हा 8 ओहम. संपलं! हे दोन ओळींत मावतं. पण मॅन्युअल काय सांगतं? ‘फक्त सोबत दिलेले स्पीकर वापरावेत.’ धन्यवाद, मालक.

सोबत दिलेल्यांचीही कथा ऐका. त्यांना साधी वायर नाही, कंपनीचा स्वतःचा वेगळाच प्लग. तो कापला की आत दोन्ही तारा एकाच रंगाच्या, पट्टी नाही, काही नाही. प्लस कुठला, मायनस कुठला? दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा आणि कोन बाहेर येतो की आत जातो ते बघायचं. बाहेर आला तर सेलचा प्लस तोच स्पीकरचा प्लस. चार स्पीकरांना हे करत बसा, कारण एक जरी उलटा लागला तरी शेजारच्याचा बास खाऊन टाकतो. मग स्प्रिंगच्या क्लिपा. त्यांची भोकं एवढी बारीक की बरी जाड वायर शिरत नाही, आणि केसासारखी वायर लावली तर तिचा एखादा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकून शॉर्ट. त्यात ‘तांब्याची’ म्हणून विकलेली वायर खरवडली की आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम!

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? वायर वाचवायला कुणीतरी डाव्या-उजव्या चॅनेलचे मायनस एकत्र बांधायला सांगतं. आजच्या कितीतरी छोट्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ब्रिज केलेलं असतं, तिथे काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचं टोक नव्हेच, त्यावरही सिग्नल असतो. एकत्र बांधलं की अ‍ॅम्प मेलाच समजा. कारण कंपनीने दोन टर्मिनलं रंगवलीत, लाल आणि काळं. त्याशेजारी ‘हे मायनस जोडू नका’ एवढं छापायला मात्र जागा उरली नाही. लोगोला बरी उरली!