चार फुटी उंच पिंजरा का दिला नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की दोन चेकर्ड गार्टर सापांसाठी तुम्ही चार फूट उंच जाळीचा पिंजरा मागितला होता आणि आम्ही चार फूट लांब, दोन फूट उंच पेटी दिली. सिलिकॉनचं कारण सांगून उशीर केला, दुसऱ्या कुलपाचे पैसे लावले, सापांना खायला गोल्डफिश मासे द्यायला नकार दिला. आणि एवढं करून साप फांद्यांवर चढतच नाहीत, खाली सालीच्या आड पडून असतात. डॅलसमधली आणखी मराठी मंडळी हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उंचीचं. गार्टर हा झाडावरचा साप नव्हे. आपल्याकडचा रुका साप फांद्याफांद्यांतून पळतो, त्याचं अंगच त्यासाठी घडलेलं असतं. गार्टरचं नातं नानेटी आणि दिवडाशी आहे. तिघंही एकाच उपकुळातले, पाण्याजवळच्या गवतात, बांधाच्या कडेला वावरणारे. गार्टर चढतो, हौसेने चढतो, पण ओंडक्यावर, बुटक्या झुडपात, ऊन खायला. चार फुटांवरून घसरला तर त्याला इजा होऊ शकते. तुमच्याकडची एक मादी आहे, आणि गार्टर अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. पोटात पिल्लं असताना असं पडणं मला तरी परवडणारं वाटत नाही. शिवाय उंच जाळीच्या पिंजऱ्यात आपल्या घरांतल्या एसीपुढे ऊब टिकत नाही, आणि बाहेर पडायच्या धडपडीत साप जाळीवर नाक घासून जखम करून घेतो. म्हणून तेव्हाही नाही म्हणालो, आजही नाहीच म्हणेन.

चढायला उंचीपेक्षा वाट लागते. तुमच्या पेटीत मांझनिटा या कठीण लाकडाच्या झुडपाची मुख्य फांदी थंड बाजूच्या तळापासून दिव्याखालच्या फळीपर्यंत तिरकी नेली आहे आणि मध्ये दोन बारक्या फांद्या तिला आडव्या जोडल्या आहेत. फांदी सापाच्या अंगाएवढी किंवा थोडी जाड हवी आणि तिच्यावर अंगाला पकड मिळायला हवी, हे पाहूनच ती निवडली. फांद्या निघत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण त्या निघतात. पेटीच्या मागच्या बाजूला विंग नट आहेत. ते हाताने फिरवले की फांदी सुटते, धुऊन परत बसवता येते. फळी मात्र सिलिकॉनने चिकटवलेली आहे. सिलिकॉन सुकताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो पुरता जाईपर्यंत आम्ही पेटी देत नाही. कुलपाचं म्हणाल, तर सरकत्या काचेच्या फटीत डोकं मावलं की गार्टर बाहेर पडलाच समजा.

आता साप चढत का नाहीत ते. तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या फांद्यांवरची कृत्रिम पानं काढलेली दिसतात, बहुधा साप नीट दिसावेत म्हणून. कारण नेमकं तेच आहे! नव्या जागेत गार्टर उघड्यावर बसत नाही. पानं पुन्हा दाट लावा आणि फळीवर कॉर्कच्या सालीची एक नळी ठेवा, म्हणजे वरही लपायला जागा होईल. फळीवर तापमान 85 ते 90 फॅरनहाइट आणि थंड कोपऱ्यात 70 ते 75 हवं. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्यक्ष मोजा, थर्मोस्टॅटच्या आकड्यावर जाऊ नका. फोटोत पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं आहे आणि भोवतीची माती ओली आहे. साप सतत ओल्यात राहिला तर पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. पाणी अर्धंच भरा, वरचा थर कोरडा ठेवा.

पानं लावल्यावर गांडुळाचा तुकडा चिमट्याने खालच्या फांदीवर धरा, पुढच्या वेळी थोडा वर. गार्टर खादाड असतो, वासाच्या मागे येतो. खायला घालताना मात्र दोघांना वेगळं ठेवा. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली, तर एक दुसऱ्याचं डोकंही गिळू पाहतो.

गोल्डफिशला नकार माझ्याच सांगण्यावरून होता. त्या माशात थायमिनेज असतं, ते बी1 जीवनसत्त्व नष्ट करतं. सतत तेच खाऊ घातलं तर सापाला झटके येतात, तोल जातो. नाइटक्रॉलर जातीची गांडुळं, साल्मन किंवा ट्राउटचे तुकडे चालतील. गळाला लावायला मिळणारी रेड विगलर गांडुळं मात्र अजिबात नकोत, ती गार्टरला बाधतात.

पानं आणि कॉर्कची नळी दुकानातून घेऊन जा, पैसे लावणार नाही. पेटी जड आहे, ती आणू नका. आतले चारही कोपरे दिसतील असे फोटो आणि दोन्ही बाजूंचं तापमान तेवढं पाठवा. त्यावरून दिवा किती सरकवायचा ते सांगतो.